काकींचं डिक्टेशन

आमच्या लालबागच्या चाळीत सावंतकाकांशी भांडायची कुणाची टाप नाही. काका वाद घालतच नाहीत. खिशातली पेन्सिल काढतात आणि तुमचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतात. महिन्याभराने तुम्ही "मी असं बोललोच नव्हतो" म्हणालात, की विचारतात, "वाचून दाखवू?" आणि दाखवतातही, शिव्यांसकट, बातम्या दिल्यासारख्या सपाट आवाजात.

सगळा जन्म साहेबलोकांचं डिक्टेशन घेण्यात गेला. नवीन माणूस भेटला की आधी "मिनिटाला एकशेवीस शब्द" सांगणार, मग नाव. मी एकदा म्हटलं, "काका, आता मोबाइल सगळं रेकॉर्ड करतो."

"करतो ना. माणसाचा खोकलासुद्धा ठेवून घेतो मेला. कामाचं काय नि बिनकामाचं काय, त्याला कळतं?"

शेजारीच राहते मी. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा वैतागच यायचा. भिंतीपलीकडून काकी रोज ओरडायच्या, "अहो, ती वही ठेवा नि जेवा." काका तेही लिहून घेत असणार.

गेल्या साली काकींना परळच्या हॉस्पिटलात ठेवलं. मुलगी सुमी दुबईला, तिला रजा मिळेना. मग काका रोज स्टुलावर बसून काकींचं बोलणं उतरवू लागले. "सुमी आली की तिला सगळं वाचून दाखवीन. एक शब्द सुटायचा नाही," म्हणायचे. सुमी पोचली तेव्हा काकी गेल्या होत्या.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर तिने विचारलं, "बाबा, आई माझ्याबद्दल काही बोलली?"

काकांनी वही उघडली. कुठेही न अडखळता वाचलं, "सुमीला सांगा, नाही आली तरी चालेल."

सुमीचा चेहरा उतरला. "रागावून म्हणाली?"

काकांनी पान मागे उलटलं, पुन्हा पुढे घेतलं. चष्मा पुसला.

"रडत होती का, बाबा? सांगा ना."

"तसं काही लिहिलेलं नाही इथे."

"लिहिलेलं राहू दे. तुम्ही समोर होतात ना?"

"समोरच होतो. पण लिहिताना मान वर केली की शब्द सुटतो गं. सोळा दिवस ती बोलत होती, आणि मी वहीत बघत होतो."

मला तिथे बसवेना, इतकं वाईट वाटलं. सुमी रडायला लागली. काकांनी वही खाली ठेवली आणि तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहिले.