नाकातलं वजन

ऑडिटर आंघोळीला गेले होते तेवढ्या वेळात त्यांच्या बायकोनं त्यांचं विमान लायब्ररीला देऊन टाकलं.

विमान म्हणजे अजून विमान झालेलं नव्हतं, खोकंच होतं. आत प्लास्टिकचे एकशे अठ्ठेचाळीस सुटे भाग. सगळे जोडले की चार पंख्यांचं, हातभर लांबीचं जुन्या धाटणीचं प्रवासी विमान तयार. निवृत्तीच्या दिवशी ऑडिटरांनी ते स्वतःच स्वतःला भेट दिलं होतं आणि 'एकदा निवांत बसून करू' म्हणत कपाटावर ठेवलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. निवृत्त माणसाला निवांतपणा मिळायला नऊ वर्षं का पुरू नयेत, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

"मला विचारलंस?" टॉवेल सावरत ऑडिटर कडाडले.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"मुळीच नाही!"

"मग प्रश्न वायाच गेला असता की." बायको शांतपणे कपाटाचा माथा पुसत होती. "ग्रंथपालबाई आल्या होत्या. वाचनालयात काचेचं कपाट रिकामं पडलंय, चार जणांनी मिळून एखादं विमान करून ठेवायचं म्हणत होत्या. म्हटलं, आमच्याकडे आहे एक. नऊ वर्षं धूळ पुसतेय मी त्याची. एवढ्या वेळात खरं विमान येऊन उतरलं असतं कपाटावर."

"अगं, ते खोकं आता जगात कुठे मिळत नाही! कंपनी बंद पडली!"

"तुमची वाट बघून पडली असेल. जा ना मग तुम्हीही. नजर ठेवा त्यांच्यावर. ते तुम्हाला बरं जमतं."

ऑडिटर तावातावानं लायब्ररीत गेले ते खोकं परत आणायला. पण बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि काचेवर लावायचं कार्ड दाखवलं. कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'मार्गदर्शक', आणि पुढे ऑडिटरांचं पूर्ण नाव. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव फक्त लोकांना घाम फोडणाऱ्या कागदांखाली आलं होतं. ते खुर्चीत बसले. विमान खोक्यावरच्या चित्रासारखं तीन चाकांवर ताठ उभं राहायला हवं, एवढीच अट त्यांनी घातली.

वाचनालयामागच्या खोलीत रोज चार ते सहा काम सुरू झालं. भाग कापून काढायचं काम टेलरमास्तरांकडे, चिकटवणं आणि घासणं दातांच्या डॉक्टरांकडे, रंग आणि चिठ्ठ्या बाईंकडे. ऑडिटरांकडे मार्गदर्शन. म्हणजे ते टेबलाच्या टोकाला बसायचे. समोर माहितीपत्रक, हातात वही आणि लाल पेन.

त्यांच्या कामाची एक रीत होती. चालू कामात बोलायचं नाही. चालू कामात बोललं की समोरचा चूक सुधारतो, आणि मग आक्षेप घ्यायचा कशावर? काम पुरं होऊ द्यायचं, शाई वाळू द्यायची, आणि मग बोट ठेवायचं. या रीतीनं त्यांनी एकतीस वर्षं खात्याची इमाने इतबारे सेवा केली होती. खात्यात त्यांचा दराराही होता आणि त्यांच्याबरोबर चहा प्यायला कुणी येतही नसे.

पहिला भडका तिसऱ्या दिवशी उडाला. पंख धडाला बसेनात. टेलरमास्तरांनी प्रत्येक भाग कापताना चारी बाजूंनी अर्धं बोट प्लास्टिक राखून ठेवलं होतं.

"हे काय आहे?" ऑडिटरांनी पंख हवेत नाचवला.

"मार्जिन, साहेब."

"विमानाला मार्जिन?"

"एकदा कापलं की परत जोडता येत नाही. पुढेमागे अंगानं भरलं तर?"

"विमान अंगानं भरत नसतं, मास्तर!"

"सगळे असंच म्हणतात," टेलरमास्तर सुईत दोरा ओवावा तशा एकाग्रतेनं म्हणाले. "सहा महिन्यांनी येतात उसवायला."

वाढलेलं प्लास्टिक डॉक्टरांनी घासून काढलं. पण घासता घासता त्यांना दोन्ही पंखांवर बारीक बारीक भेगा दिसल्या. दुसऱ्या दिवशी ऑडिटर येऊन बघतात तर पंख साबणाच्या नव्या वडीसारखे गुळगुळीत.

"सगळ्या भरून टाकल्या," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "एकशे बारा होत्या. कुणी लक्षच दिलेलं नव्हतं."

"भेगा नव्हत्या त्या!" ऑडिटरांचा आवाज चिरकला. "पत्र्यांचे जोड होते! साच्यात मुद्दाम कोरलेले! त्यावरनं तर विमान खरं वाटतं!"

"अहो, कीड अशाच रेषांतून शिरते. आता पुढची वीस वर्षं बघायला नको."

बाईंकडून तरी ऑडिटरांना आशा होती. रंग बाईंनी दृष्ट लागावी असा दिला. वर पांढरा, खाली रुपेरी, कुठे ओघळ नाही. मग तो वाळल्यावर शेपटीवर दाखल क्रमांकाची चिठ्ठी डकवली आणि पोटावर लायब्ररीचा गोल जांभळा शिक्का मारला.

"खऱ्या विमानाच्या पोटावर शिक्का असतो का हो, बाई?"

"खरं विमान आमच्याकडे दाखल झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "झालं तर त्यालाही मारू."

घरी ऑडिटर जेवताना धुमसायचे. "नऊ वर्षं जपलेलं विमान! एक जण त्याचा झगा शिवतोय, एक दात भरतोय, आणि त्या बाई ते लोकांना घरी वाचायला द्यायला निघाल्यात!" बायको म्हणायची, "भाजी घ्या." मग ते वही उघडून बसायचे. आक्षेप चाळीसवर गेले होते. त्यातला सतरावा त्यांचा विशेष लाडका होता. त्याच्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या, आणि तो वाचला की त्यांना अन्न गोड लागायचं.

शनिवारी विमान पुरं झालं. रविवारी दहा वाजता लोक बघायला येणार होते. डॉक्टरांनी तिसरं चाक चिकटवलं, दहा मिनिटं धरून ठेवलं, आणि विमान टेबलावर ठेवून हात काढून घेतला. ऑडिटरांची बायको सगळ्यांसाठी थर्मासमध्ये चहा घेऊन आली होती, तीही बघायला थांबली.

विमान क्षणभर ताठ उभं राहिलं. मग त्याचं नाक किंचित वर झालं. आणखी वर झालं. भरपेट जेवलेला माणूस आरामखुर्चीत कलतो तसं ते सावकाश मागे कललं आणि शेपटी टेकून बसलं.

डॉक्टरांनी नाक दाबून खाली केलं. हात काढला. विमान परत बसलं.

"मागची चाकं चुकली," मास्तर म्हणाले.

"चाकं बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाले. "शेपटी जड झालीय. कुणीतरी चिठ्ठी डकवलीय तिच्यावर."

"कागदाच्या चिठ्ठीनं विमान बसतं?" बाई म्हणाल्या. "तुम्ही पंखांत किलोभर सिमेंट भरलंत ते?"

टेबलाच्या टोकाला खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ऑडिटर उभे राहिले होते. हा क्षण त्यांनी दहा दिवस ओठांत धरून ठेवला होता. त्यांनी वही उघडली, घसा साफ केला.

"आक्षेप क्रमांक सतरा. दिनांक बारा. पत्रकातील पायरी नऊनुसार धडाचे दोन भाग एकमेकांना चिकटवण्यापूर्वी नाकाच्या पोकळीत तीस ग्रॅम वजन ठेवणे आवश्यक, अन्यथा विमान शेपटीवर बसेल. वजन ठेवलेले नाही. जबाबदार : दातांचे डॉक्टर." त्यांनी वही मिटली. "आता बोला!"

मग डॉक्टरांनी चष्मा काढला.

"हे तुम्ही बारा तारखेला लिहिलंत?"

"बाराला. दुपारी चार चाळीसला. वेळ टाकलीय."

"आणि मी धड चिकटवलं किती वाजता?"

"पाच वाजता. तीही टाकलीय."

"म्हणजे वीस मिनिटं तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या हातात ब्रश होता, तुम्ही समोर बसला होता, आणि तुम्हाला ठाऊक होतं!"

"मी लगेच लाल शाईनं नोंद केली!"

"तोंडाला काय झालं होतं?" मास्तर उसळले. साध्या विमानाच्या पायी हा माणूस उसळेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "माझी कात्री वाकडी चालली तर गिऱ्हाईक बोंब मारतं, साहेब. लिहून नाही ठेवत!"

"तुमचं विमान ना हो ते?" बाई म्हणाल्या. "स्वतःचं?"

ऑडिटरांनी मदतीसाठी बायकोकडे बघितलं. ही त्यांची त्या दिवसातली दुसरी चूक.

"घरीही हेच," ती चहा ओतत म्हणाली. "दूध उतू जाताना शेजारी उभे राहून बघतात. आणि मग मला सांगतात किती वाजता उतू गेलं ते."

बाईंनी खणातून कार्ड काढलं, 'मार्गदर्शक' या शब्दावर पट्टी ठेवली आणि एक सरळ रेघ मारली.

"हा अन्याय आहे!" ऑडिटर म्हणाले. "ज्यानं चूक पकडली त्यालाच शिक्षा?" पण त्यांचा आवाज खोलीत कुठेच टेकला नाही. विमान मात्र शेपटीवर निवांत बसून, नाक वर करून, सगळं ऐकत होतं.

मार्ग शेवटी डॉक्टरांनीच काढला. "रूट कॅनाल," ते म्हणाले.

रविवारी सकाळी आठ वाजता विमानाला दवाखान्याच्या खुर्चीत निजवलं. पडदे सरळ लोंबावेत म्हणून खालच्या घडीत घालायचे शिशाचे मणी मास्तरांनी आणले होते. डॉक्टरांनी वरचा दिवा नाकावर वळवला आणि पुढच्या चाकामागच्या खोबणीतून बारीक छिद्र पाडायला घेतलं. मशीन सूं सूं करू लागलं तसे ऑडिटर, ज्यांना विमान घट्ट धरायला उभं केलं होतं, डोळे मिटून घेऊ लागले. एकेक मणी चिमट्यानं आत गेला. वर सिमेंटचा लेप बसला. डॉक्टरांनी पंखावर थोपटलं आणि सवयीनं म्हणाले, "दोन तास काही खायचं नाही."

विमान ट्रेवर ठेवलं. ते तीन चाकांवर उभं राहिलं. चित्रासारखं, ताठ. मास्तरांनी टिचकी मारून बघितली, तरी हललं नाही. ऑडिटरांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं, आक्षेप काही सापडेना, आणि त्याचाच त्यांना राग आला.

"कार्ड नवं करते," बाई म्हणाल्या. "नावासाठी जागा मोकळी सोडते. पण एक कबूल करा. यापुढे काही दिसलं की तिथल्या तिथे बोलायचं. तोंडानं."

"बोलेन."

"मोठ्यानं."

"बोलेन म्हटलं ना!" ऑडिटर ओरडले. सुरुवात म्हणून ते बरं होतं.

पावणेदहाला वाचनालयाच्या दाराबाहेर लोक जमले होते. बाई कार्ड आणि पेन घेऊन कपाटाशेजारी उभ्या होत्या. मास्तरांचे हात सगळ्यांत स्थिर, म्हणून विमान आत ठेवायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी दोन्ही तळव्यांवर विमान घेतलं आणि मधल्या फळीवर सरकवू लागले. नाक आत गेलं. पंख तिरपे होऊन आत गेले. उरली शेपटी.

आणि ऑडिटरांना दिसलं की शेपटी उंच आहे. वरची फळी खाली आहे. लागणार!

एकतीस वर्षांची सवय त्यांच्या हाताला खिशातल्या पेनाकडे ओढत होती. त्यांनी हात मागे घेतला. बाईंकडे बघितलं. कार्डावरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. छातीत हवा भरली.

"थांबाऽऽ!"

एकतीस वर्षांत जे जे वेळेवर बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्या एका शब्दात होतं. बाहेरचे लोक दचकले. डॉक्टरांच्या हातातून कपाटाची किल्ली पडली. आणि ज्यांच्या हातातून उभ्या आयुष्यात सुई पडली नव्हती त्या टेलरमास्तरांच्या हातातून विमान पडलं.

पडलं फार नाही, आत सरकत बोटभरच. पण नव्या वजनानं नाक आधी आपटलं आणि पुढच्या चाकाचा पाय मोडला.

"काय झालं?" बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"शेपटी! वरच्या फळीला लागत होती!"

"कुठे लागत होती? काल पट्टी लावून मोजलंय मी. दोन बोटं जागा राहते."

सगळे वाकून बघू लागले. विमान नाकावर कललं होतं. ऑडिटरांनी जे जन्मात केलं नव्हतं ते त्यांचं विमान काचेआड सगळ्यांसमोर करत होतं : नाक घासत होतं. आणि नाक खाली गेल्यामुळे मागची शेपटी दोन बोटं वर उचलली जाऊन फळीला बरोब्बर टेकली होती.

"हे बघा!" ऑडिटर संतापानं काचेवर बोट आपटू लागले. "हे बघा, लागली की नाही? मी सांगत होतो की नाही? माझं कुणी ऐकेल तर शपथ!"

बाईंनी पेनाला टोपण घातलं. दाराबाहेर कुणीतरी घड्याळात दहा वाजल्याचं सांगत होतं. टेलरमास्तरांनी खाली वाकून मोडलेला पाय उचलला, खिशात ठेवला, आणि ऑडिटरांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"साहेब, तुम्ही आपलं लिहीतच जा. लिहिताना आवाज होत नाही."