रणनवरे सरकारांच्या अंगठ्याची हकीकत

श्री गजवदन प्रसन्न. श्री भिंगेश्वर समर्थ. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मास, ऊन ऐसे की कावळाही उडणे सोडून सावलीसावलीने चालू लागला, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहिले असे. राज्य विद्यापीठाचे. नाव विचाराल तर आम्ही बहिरे. त्या राज्यात न्यायसहायक विज्ञान म्हणोन एक परगणा होता, आणि तिथली रयत रक्ताचे डाग, केस, बोटांचे ठसे यांचा अभ्यास करी. म्हणजे मुडद्याला तसदी न देता खुनी कोण ते सांगावयाची विद्या. परगण्याचे सुभेदार डॉक्टर उखळेपंत, माणूस सज्जन, परंतु पाहुणा दिसला की कण्याचे पाणी होई. आणि रयतेत निलांबरी घोडके नामे एक कन्या होती, बार्शीकडची, तीर्थरूपांचा मंडप घालण्याचा धंदा. ती गेले साली ठशांच्या प्रात्यक्षिकात आपटली, कारण जुळत नव्हते ते घाईने जुळवले. मग तीर्थरूप बोलते जाहले, "ह्या खेपेला निघालीस तर निघालीस. नाहीतर गाठोडं बांधून सरळ घरी यायचं. खुर्च्या मोजायला माणूस लागतंयच, आन् मोजता मोजता तुझाबी मंडप घालून टाकू." ऐसी तलवार डोईवर टांगती ठेवून निलांबरीबाई परीक्षेस उभ्या राहिल्या.

आता त्या परगण्याची रीत सांगतो. परीक्षेचे दिवशी एका खोलीत खोटा खून मांडीत. चिंध्यांचा एक पुतळा, नाव दत्तूशेठ, हा दरसाल मरे, आणि त्याच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवीत, पेल्यावर खुन्याचा अंगठा. मेजावर तीन संशयितांच्या अंगठ्यांची कार्डे, नावे झाकलेली, नुसते नंबर. विद्यार्थ्याने पेल्यावरचा ठसा कोणत्या कार्डाशी जुळतो ते सांगावे. आणि दुसरी रीत याहून मोठी, की खोलीत पाऊल टाकणारा झाडूवाला असो की सुभेदार, त्याने आधी आपला अंगठा कार्डावर द्यावा, आणि ती कार्डे नावानिशी वेगळ्या पाकिटात ठेवावी, म्हणजे घरच्याचा ठसा चोराचा म्हणोन गळ्यात पडू नये. तिसरी रीत कोठे लिहिलेली नव्हती, परंतु थोरल्या पोरांनी धाकट्यांस सांगितलेली, ती ऐसी की उत्तर दरसाल तीन नंबर. पंतांस नंबर बदलण्याचा कंटाळा.

तो बाहेरचे परीक्षक डॉक्टर रणनवरे यांची स्वारी स्टेशनावरून रिक्षाने दाखल जाहली. नामांकित पुरुष, कोर्टात उभे राहिले की वकील खाली बसत. घामाने सदरा पाठीस चिकटलेला. सरकार तडक खोलीत शिरले, आणि त्यांस "आधी अंगठा द्यावा" म्हणावयाची छाती कोणास जाहली नाही. मग सरकारांनी दत्तूशेठ पाहिला, पेला पाहिला, आणि पेला उचलून गटागटा रिता केला, आणि "वा, गार आहे," म्हणोन जागेवर ठेविला. पंत दारात उभे, तोंडाचे भजे जाहलेले. मग पंतांनी काय केले? काही केले नाही. पाणी प्यालेल्या पाहुण्यास ते परत मागणार कोण? रुमालात धरून पेला पुन्हा भरिला, बाहेरून पुसावा तर सरकार पाहताहेत, मग डोळे मिटून ठसे उठवायची भुकटी पेल्यावर मारिली, ठसा उठला, त्याचे फोटो काढून समस्तांस वाटून दिले.

रयतेने फोटो घेतले, भिंग डोळ्यास लावल्यासारखे केले, आणि सर्वांनी "तीन नंबर" लिहून चहाची वाट धरिली. निलांबरी मात्र उठेना. तिचा शेजारी तौसीफ शिकलगार, पोर दिलदार, तो वाकून बोलिला, "ए घोडके, लिही की तीन नंबर अन् चल."

"जुळत नाही रे."

"नाही जुळत तर जुळव. सोयरीक काय कुंडली बघून होती का? दोन्हीकडची गरज बघून होती."

"गेल्या वर्षी तेच केलं होतं. सोयरीक मोडली."

"तुला चहा नको, सरळ सांग ना." ऐसे म्हणोन तो गेला.

मग तिने पुन्हा पाहिले. फोटोत चक्र, आणि चक्रावरून तिरपा जुना व्रण, विळीने कापल्यासारखा. एक नंबरास चक्र, व्रण नाही. दोनास शंख, तीनासही शंख. मग तिने घरच्यांचे पाकीट उघडिले. झाडूवाला नाही, शिपाई नाही, आणि उखळेपंतांचे कार्ड हाती आले तो ती चपापली, कारण पंतांचा अंगठा आणि तीन नंबरचा अंगठा एकच! पंतांनी औंदा जागा भरण्यासाठी आपलेच कार्ड तिसरे लाविले होते. म्हणजे समस्त वर्ग बाहेर चहा पीत होता आणि आपल्या गुरूस फाशी देऊन बसला होता. परंतु पेल्यावरचा अंगठा पंतांचाही नव्हे. मग खोलीत गेला आणि अंगठा न देता गेला ऐसा माणूस कोण, हा हिशेब मांडिला, तो एकच नाव उरले. डोळ्यांपुढे मंडपाच्या खुर्च्या रांगेने उभ्या राहिल्या.

तो हुजुरातून बोलावणे आले. रणनवरे खुर्चीत, बाजूस पंत.

"हं, बोला घोडके. कोण?"

"तिघांपैकी कुणी नाही, सर."

पंतांस ठसका लागला. सरकार बोलिले, "मग घरचा कुणी?"

"तेही नाही."

"मग काय, भूत आलं होतं?"

"खोलीत गेलेल्यांपैकी एकाचं कार्ड पाकिटात नाही, सर."

"कुणाचं?"

"आपलं."

मग पंत ओरडिले, "घोडके! पाहुण्यांशी बोलायची ही पद्धत?" सरकारांनी हात वर केला. मुद्रा तांबडी जाहली होती. हयात दुसऱ्यांचे अंगठे घेण्यात गेली, आपला मागणारे कोणी भेटले नव्हते.

"अंगठा द्यावा लागेल, सर," ती बोलिली. आणि शाईची पट्टी पुढे सरकविली. सरकारांनी अंगठा दिधला. चक्र, आणि वरून तिरपा व्रण.

"तहान लागली होती," सरकार बोलिले. मग भिवई चढवून पुसिले, "म्हणजे खून मी केला?"

"ते नाही सांगता येत. पेला तुम्ही धरलात, इतकंच सांगता येतं. आधीचा ठसा तुमच्या हाताखाली गेला. ह्या पेल्यावरून खुनी आता कळायचा नाही."

"मार्क जातील, घोडके. काहीतरी नाव सांगा."

"नाही सांगता येत, सर."

सरकारांनी बाकीच्यांचे कागद पुढे ओढिले. "आणि बाकी सगळे ज्याला खुनी म्हणतात तो तीन नंबर कोण?"

"सांगू?"

"बेलाशक."

"आपले उखळे सर."

तेव्हा सरकार पंतांकडे वळून बोलिले, "पंत, हे खरं कोर्ट असतं तर तुमच्याच चेल्यांनी संध्याकाळपर्यंत तुम्हाला आत टाकलं असतं. ही एकटी पोरगी आडवी आली." पंतांच्या घशास कोरड पडली, परंतु पेल्यास हात लावावयाची हिंमत होईना.

मग हुकूम जाहला, की बाकी समस्तांनी परीक्षा पुन्हा द्यावी. आणि निलांबरीबाईंनी बार्शीस फोन लाविला.

"आबा, पास झाले."

"आं? खुनी कोण निघालं मग?"

"खुनी नाही सापडला. पेल्यावर परीक्षकाचा अंगठा निघाला."

"आन् तू ते त्याच्या तोंडावर सांगितलंस?"

"हो."

"मग पास कुणी केलं?"

"त्यांनीच. सही त्यांचीच आहे."

मग आबा बोलिले, "माणूस बरा दिसतोय. शिक तू."

एवंच, पाहुणा कितीही थोर असो, आधी अंगठा, मागून पाणी. येणेप्रमाणे हकीकत जाहली. लिहिणारा त्या खोलीत गेला नव्हता. त्याचा अंगठा शोधू नये.