गाडी रोज हाये, बाबू

फादर लाझरसांनी माझं स्वागत केलं ते परतीच्या गाड्या सांगून. धर्मगुरू व्हायचं म्हणून मी नागपूरच्या मठात नुकता पोचलो होतो. काखेत वळकटी, गळ्यात गावानं घातलेला झेंडूचा हार. फादर दारातच उभे. गाव कुठलं, त्यांनी विचारलं. अमरावतीकडचं म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि बडनेऱ्याला थांबणाऱ्या सगळ्या गाड्या वेळेसकट घडाघडा म्हणून दाखवल्या. वर म्हणाले, "गाडी रोज हाये, बाबू." मग मला आत घेतलं.

सत्तर सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. मठात नव्यानं आलेल्या पोरांना घडवायचं, देवाचं बोलावणं खरं की नुसता भास हे त्यांचं त्यांना उमगू द्यायचं, हे फादरांचं काम. घडवण्याची त्यांची तऱ्हा अशी, की पोरं त्यांना 'पूछताछ' म्हणत, स्टेशनवरच्या खिडकीवरून. त्यांच्या टेबलावर प्रार्थनेचं पुस्तक आणि रेल्वेचं टाइमटेबल शेजारी शेजारी असायचं, आणि दोन्ही सारखीच झिजलेली होती.

धर्मगुरूच्या झग्याचं कापड घ्यायला ते स्वतः आम्हाला गांधीबागेच्या कापडबाजारात नेत. व्यापाऱ्याशी घासाघीस करून झाली की शिंप्याकडे. तिथं त्यांची एकच सूचना असे. शिलाई अशी घाल, की उद्या पोरगं घरी गेलं तर ह्यातून सदरा निघाला पाहिजे. माझं माप घेताना शिंप्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उद्याच निघालो होतो.

सकाळची मिस्सा, म्हणजे देवळातली रोजची उपासना, ते इतक्या हळू आवाजात म्हणत, की मागच्या बाकांवर निम्मी पोरं डुलक्या घेत. शेवटचं "शांतीने जा" मात्र असं ठणकावत, की सगळी दचकून उभी राहत.

केरळचा एक मुलगा घरच्या आठवणीनं ताटावर बसून रडायचा. फादरांनी त्याला समजावलं नाही की देवाचं नाव घेतलं नाही. गाडी कुठं बदलायची, कुठल्या स्टेशनावर इडली चांगली मिळते, सगळं सांगितलं. पोरगा त्या दिवसापासून नीट जेवायला लागला. तो राहिला, आणि पुढं चांगला धर्मगुरू झाला. एकदा वरिष्ठांनी फादरांना झापलं, की तुम्हाला पोरं टिकवायला ठेवलंय की पळवायला? फादर शांतपणे म्हणाले, "दरवाजा बंद केला, तर थांबला कोन न अडकला कोन, हे समजन कसं?"

दुसऱ्या वर्षी माझी पाळी आली. प्रार्थनेत मन लागायचं, अभ्यासही आवडायचा. पण रविवारी वस्तीतल्या घरांत शिकवायला गेलो, की तिथली चूल, तिथली पोरं, नवरा-बायकोची किरकोळ भांडणं सोडून यावंसं वाटेना. आपलं बोलावणं तिकडचं आहे, हे मला कळून चुकलं. पण घरी कोणत्या तोंडानं जायचं? गावानं मला बँड लावून पोचवलं होतं. आई विधवा. "देवाले देल्ला" असं ती चारचौघांत अभिमानानं सांगायची.

मी फादरांपुढं उभा राहिलो. ते गाडी सांगतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी टाइमटेबलला हातही लावला नाही. "बस," म्हणाले, आणि चहा मागवला. घाई केली नाही, काही आठवडे रोज बोलत राहिले. माझं मन डगमगत नाही असं पाहिलं तेव्हा म्हणाले, "चाल. मी येतो तुह्या संगं."

घरी पोचलो तर आई दारातच थिजली. शेजारच्या काकूनं विचारलंच, पळून आला काय म्हणून. फादर माझ्यापुढं झाले.

"पयाला नाही तो, माय. देवानं बलावलं, तो आला. इमानदारीनं आयकलं. देव म्हणे, संसार कर. हे सांगाले मी खुद आलो."

आई पदरानं डोळे पुसून चुलीपाशी गेली आणि भाकरी थापायला बसली. माझ्या मानेवरचं ओझं त्या भाकरीच्या आवाजानं उतरलं.

जेवताना तिनं विचारलं, "फादर, तुमच्या घरी कोन कोन हाये?"

"कोनी नाही, माय. मिशनच्या अनाथालयात वाढलो. म्हनून जे जे पोरगं परत जाते, त्याले सोडाले मीच जातो." ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तेवढंच घर पाहाले भेटते."

आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. त्यांनी नको म्हटलं नाही.

आज माझं घर आहे, बायको आहे, पोरं आहेत. मान खाली न घालता मी गावात राहिलो, हे त्या माणसाचे उपकार. त्या भेटीत, दुसऱ्या दिवशी सकाळी फादर निघाले तेव्हा आई ओट्यावर आली. आदल्या दिवसापासून ती त्यांना फादर, तुम्ही, असंच म्हणत होती. आता म्हणाली, "नाताळाले येजो, बापू."

सगळ्यांच्या ह्या फादरला, आमच्याकडे लेकराला म्हणतात तसं, 'बापू' म्हणणारं बहुधा कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "येतो, माय."

आई होती तोवर दर नाताळाला ते आले. पहिली करंजी त्यांच्या हातावर पडायची, मग माझ्या.