तुळतुळीत डोकं आणि पुण्याचे मामा

केस हा भावनेचा विषय नाही, प्रथिनांचा आहे! असं मी सारंगला, माझ्या धाकट्या भावाला, एका रविवारी सकाळी ठणकावून सांगितलं. तो न्हाणीघरात मोरीपाशी उकिडवा बसून जाळीत अडकलेले केस गोळा करत होता आणि जवळच्या नातेवाइकाला शेवटचं पाहावं तसा त्यांच्याकडे पाहत होता.

"ताई, तू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेस. तुला काय कळणार हे दुःख?"

"दुःख नाही कळत, केराटिन कळतं. दिवाळीपर्यंत वेळ दे. तुझ्या डोक्यावर जंगल उभं करते!"

मी एरवी कमी बोलते आणि मोजून बोलते. त्यामुळे मी बढाई मारली की घरातल्यांना ती बढाई वाटत नाही. सारंगने विश्वास ठेवला. तिथेच सगळं बिघडलं!

तो काळच केसांवर उठलेला होता. हैदराबादेत विद्यानगरला आमच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती आणि दर जाहिरातीत कुणी ना कुणी मान झटकून केस उडवत होतं. किराणा दुकानांच्या दारांत शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. देशाचा बाजार उघडला आणि नेमकं त्याच सुमारास सारंगचं डोकंही उघडं पडायला लागलं! बेगमपेठेतल्या नव्या कॉम्प्युटर कंपनीत तो टाय लावून जायचा. डाव्या कानावरचे केस उजव्या कानापर्यंत आणून चिकटवायला त्याला टाय बांधण्याहून जास्त वेळ लागायचा. पंख्याखाली तर तो बसतच नसे.

पण खरी घाई होती ती स्वातीमुळे. उन्हाळ्यात पुण्याला मावसभावाच्या लग्नात ती सारंगला दिसली होती, दोन वाक्यं बोलली होती आणि तेव्हापासून हा वरणभातात मीठ आहे की नाही हे सांगू शकत नव्हता. आम्ही रीतसर विचारणा केली. त्यांनी मुलाचा फोटो मागवला. सारंगने कॉलेजातला फोटो पाठवला. त्यातल्या केसांत कावळ्याने आरामात घरटं बांधलं असतं! आता दिवाळीनंतर स्वातीचे मामा, माधवराव, कामानिमित्त हैदराबादला येणार होते. स्वातीला वडील नाहीत. मामांनी हो म्हटलं की झालं.

म्हणजे दिवाळीपर्यंत फोटोतला मुलगा तयार करायचा होता.

मी शास्त्रशुद्ध प्रयोग आखला. कांद्याचा रस, मेथी, एरंडेल आणि आणखी काही जिन्नस घेऊन औषध बनवलं. ते डोक्याच्या डाव्या भागाला. उजव्या भागाला फक्त खोबरेल, म्हणजे तुलना करता येईल.

"अगं, पूर्ण डोक्याला लाव की!" सारंग कळवळला.

"मग औषधाने उगवले की आपोआप, हे कसं कळणार?"

"मला कळायचं नाहीये! मला लग्न करायचंय!"

औषध शेवाळ्यासारखं हिरवट दिसायचं आणि सारंग ते पाहून नाक धरायचा. म्हणून मी त्यात किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. रंग छान उतरला. औषधाचा उतरला तसा केसांचाही उतरला! हे मी पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवते. एका सकाळी सारंग न्हाणीघरातून बाहेर आला तो उजवीकडून काळा आणि डावीकडून सोललेल्या नारळासारखा!

"ताई…"

"थांब, हलू नकोस. दोन्ही बाजूंतला फरक अगदी स्पष्ट आहे."

त्यावर तो जे बोलला ते इथे लिहीत नाही.

काळा रंग लावून पाहिला. डावी बाजू जांभळी झाली. सारंग घरात माकडटोपी घालून फिरायला लागला, तीही हैदराबादच्या उकाड्यात! शेवटी शेजारच्या तेलुगू सत्यवतीगारूंनी कंपाउंडच्या भिंतीवरून त्याला पाहिलं. टोपी काढायला लावली. डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "इत्ता परेशान कैकू होते बाबू? तिरुपती जाओ, गुंडू करा लेओ. कौन पूछता? सब हात जोडते!"

मी भिंतीला टेकून उभी होते. एवढं सोपं उत्तर माझ्या डोक्यात कसं आलं नाही! इथे गुंडू करून, म्हणजे डोकं तुळतुळीत करून, आलेला माणूस दर गल्लीत एक असतो. कुणी त्याला टकला म्हणत नाही. लोक म्हणतात, दर्शन छान झालं का? आमच्या तीन पिढ्या इथे गेल्या. तुळतुळीत डोकं म्हणजे तिरुपती, याहून वेगळा अर्थ माझ्या मनातही आला नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील एकनाथराव, घरी असते तर कदाचित काही बोलले असते. पण ते नांदेडला आत्याकडे राहायला गेले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा निर्णय आम्हीच घेतला.

देवाच्या नावावर खोटं नको म्हणून सारंग खरोखर तिरुपतीला गेला आणि मिशीसकट सगळं वाहून आला. काय सांगू, डोकं सुंदर निघालं! एका बाजूनेही चपटं नाही! ऑफिसात साहेबांनी उठून हात मिळवला आणि लाडू मागितले. टायपिस्टपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी मागितले. संध्याकाळी सारंग रिकामा डबा घेऊन घरी आला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पंख्याखाली बसला. मला माझाच अभिमान वाटला. मामांना काय सांगायचं तेही ठरलं होतं. लाडूचा डबा पुढे करायचा, बस!

डबा रिकामा आहे हे तेव्हा फार महत्त्वाचं वाटलं नाही.

माधवराव रविवारी येणार होते, अण्णा परतल्यावर. ते शनिवारी संध्याकाळीच आले! तेव्हा करंट गेला होता. मी दिवाणखान्यात जमिनीवर तेलाचा दिवा लावून ठेवला होता. सारंग उघड्या अंगाने, पांढरा पंचा नेसून चटईवर बसला होता, कारण उकडत होतं. दिव्याच्या बरोबर वर अण्णांचा फोटो होता. निवृत्तीच्या निरोपसमारंभातला. ऑफिसवाल्यांनी त्या दिवशी घातलेला चंदनाचा हार अण्णांनी स्वतःच त्या फोटोला अडकवला होता. एवढा चांगला हार ठेवायचा कुठे?

माधवराव दारातच थबकले. सारंगकडे पाहिलं. दिव्याकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. मग हळूच चपला काढल्या, फोटोला हात जोडले आणि खुर्ची सोडून खाली चटईवर बसले.

"मला काहीच कल्पना नव्हती," ते म्हणाले.

सारंगने मान खाली घातली. कॉलेजातल्या फोटोची त्याला लाज वाटत होती. "कळवायला हवं होतं आम्ही," तो पुटपुटला.

"असू दे, असू दे. अशा वेळी कुठे सुचतं?" त्यांनी सारंगच्या पाठीवरून हात फिरवला.

केस गेल्याबद्दल हे जरा जास्त होतं, पण मला त्यांचा मोठेपणा आवडला. मी उठले. "चहा टाकते."

"नको, नको! आज काही नको."

"निदान पाणी?"

"काहीच नको, ताई."

तेवढ्यात करंट आला. पंखा गरगरा फिरू लागला. दिवा विझला, कॅलेंडर फडफडलं, माझा पदर उडाला. माधवरावांचे दाट काळेभोर केस मात्र जागचे हलले नाहीत. ही गोष्ट मी पाहिली. निष्कर्ष काढला नाही. ते उठले, सारंगचा खांदा दाबला आणि "येतो"सुद्धा न म्हणता निघून गेले.

सारंगने दार लावलं. "चहा घेतला नाही, ताई. पाणीसुद्धा नाही. येतो म्हणाले नाहीत."

"घाईत असतील."

"घाईतला माणूस चटईवर मांडी घालून बसतो?" तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "नाही म्हणाले गं ते. डोकं बघून नाही म्हणाले."

डोक्यावर जंगल उभं करणार होते मी! त्या मुलीशी बोललेली दोन वाक्यं या पोराने उन्हाळ्यापासून जपून ठेवली होती, आणि मी त्याच्या डोक्यावर कांदा पिळत बसले होते.

रविवारी सकाळी दार वाजलं. जामबागच्या कुसुमताई, आमच्या जुन्या ओळखीच्या! माधवराव त्यांच्याकडेच उतरले होते. त्यांच्या मागे आणखी दोघी. तिघींच्या हातांत डबे आणि डोळ्यांना पदर.

"वासंती! अगं, आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस? आम्ही काय परके?"

"कुसुमताई, आता हे काय सगळ्यांना सांगत सुटायचं?" मी म्हटलं. "झालं ते झालं."

"बघा, किती धीराची आहे!" मागची बाई हुंदका देत म्हणाली. "एक टिपूस नाही डोळ्यांत!"

कुसुमताई थेट आत शिरल्या. सारंगला पाहिलं आणि त्याचं डोकं छातीशी धरून रडायलाच लागल्या. "पोरा, पोरा! आता तूच मोठा!" सारंग त्यांच्या काखेतून माझ्याकडे बुबुळं फिरवून विचारत होता, हे काय चाललंय? दोघींनी स्वयंपाकघरात डबे उघडले. पिठलं आणि भात.

पिठलं-भात! शेजारपाजारचे लोक आयतं पिठलं-भात घेऊन कधी येतात, हे मला माहीत होतं. आई गेली तेव्हा याच ओट्यावर असेच डबे उघडले होते. पण कोण गेलं? आमच्या घरात कोण गेलं, आणि आम्हाला कसं माहीत नाही?

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. फाटक वाजलं. अण्णा आत आले, हातात पिशवी, तोंडात नांदेडची सुपारी. दाराशी अनोळखी चपला पाहून ते थबकले. आत बायका रडताना दिसल्या. मग तुळतुळीत डोक्याचा मुलगा दिसला.

पिशवी खाली पडली.

"सारंग!" अण्णा किंचाळले. "अरे, मी तर जिवंत आहे! तू कुणासाठी केलंस हे?"

त्याच क्षणी कुसुमताईंनी मान वर केली, अण्णांना पाहिलं आणि जी किंकाळी फोडली ती ऐकून सत्यवतीगारू भिंत ओलांडून आल्या! एक बाई मोरीत जाऊन बसली. दुसरीने अण्णांना चिमटा काढून पाहिला. सत्यवतीगारू मध्ये उभ्या राहून सगळ्यांना ओरडून सांगत होत्या, "तिरुपती! तिरुपती गये थे बाबू!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दोन्ही टोकं जुळली. पुण्याच्या माणसाने काय पाहिलं होतं? मिशीसकट सफाचट मुलगा, जमिनीवर दिवा आणि हार घातलेले वडील!

सगळं उलगडल्यावर अण्णा शांतपणे पाटावर बसले. "पिठलं वाढ," म्हणाले. "रात्रभर गाडीत उपाशी आहे." दोन घास खाऊन त्यांनी फोटोकडे पाहिलं. "मीठ कमी आहे, कुसुमताई. पण गंमत आहे हं! निवृत्त झाल्यापासून एवढी माणसं घरी आली नव्हती."

आणि फोन वाजला. आमच्याकडे तो नुकताच आला होता, वाजला की सगळे दचकायचे. सारंगने उचलला.

"कोण? … स्वाती?"

मोरीतली बाईसुद्धा बाहेर आली.

"नाही, नाही… अण्णा आहेत. … अहो, खरंच आहेत. पिठलं खातायत."

अण्णांनी घास वर करून दाखवला, जणू तिला दिसणार होता.

मग सारंगने सगळं सांगून टाकलं. फोटो जुना होता. केस उरले नव्हते. औषध, जांभळा रंग, तिरुपती, सगळं! एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. मग तो ऐकू लागला. आधी त्याचे कान लाल झाले, मग मान, आणि मग लाली सरळ टाळूवर चढली. अडवायला काही नव्हतंच.

फोन ठेवून तो वळला. "तिला माहीत होतं."

"काय?"

"लग्नात ती माझ्यामागे वरच्या सज्जात उभी होती. तिथून अक्षता टाकत होती. म्हणे, सगळ्या अक्षता माझ्या टाळूवरच्या खळग्यात साठल्या होत्या आणि मला पत्ताच नव्हता. तेव्हाच तिने ठरवलं… म्हणजे, तिला आवडलो मी." तो खाली बसला. "फोटो बघून ती घरी म्हणाली होती, हा कोण, तो अक्षतावाला कुठाय?"

कुसुमताई पुन्हा रडल्या. या वेळी पदर न लावता.

संध्याकाळी माधवराव आले. आता खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणखी घेतला, आणि सारखे अण्णांकडे पाहून ओशाळत राहिले. त्यांनी आदल्या रात्रीच पुण्याला फोन करून सांगितलं होतं की लग्न वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. अण्णा म्हणाले, "मी राहीन जिवंत, पण तुम्ही वर्षाच्या आतच उरका!"

निघताना माधवराव मोठ्याने "येतो" म्हणाले. फाटकापर्यंत गेले. परत फिरले, पुन्हा "येतो" म्हणाले, आणि मग मी एकटी आहे असं पाहून अगदी हळू आवाजात बोलले.

"वासंतीताई, तुम्ही काही औषध बनवता म्हणे. केसांचं."

मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. संध्याकाळचा वारा सुटला होता. सत्यवतीगारूंची नारळाची झाडं वाकत होती. माधवरावांचा भांग जराही हलला नव्हता. मग त्यांनी इकडेतिकडे पाहून केसांचा टोप बोटाने किंचित उचलला.

"आहे ना," मी म्हटलं, "बाटली भरून आहे. फक्त लावण्याआधी पुण्याला कळवून ठेवा, घरचे सगळे सुखरूप आहेत म्हणून!"