होडीचोर टाकळीकर मामा

आमचे घरमालक टाकळीकर मामा दर शनिवारी संध्याकाळी स्वतःच्याच गाडीवरून स्वतःच्याच घरातली होडी चोरायचा प्रयत्न करायचे.

खोटं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. उदगीरहून कॉम्प्युटरचा कोर्स करायला हैदराबादला आलो, तारनाक्याला त्यांच्या माडीवरची खोली घेतली आणि पहिल्याच शनिवारी खिडकीतून बघतो तर काय! तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस हातात पान्हा घेऊन फियाटच्या टपावर गुडघे टेकून काहीतरी उचकटतोय. मी जीव खाऊन बोंबललो, "मामा! चोर! मामा, चोर आलाय!"

टॉवेल खाली आला. आत मामाच.

"हं, आवाज बरा आहे तुझा," ते म्हणाले. "दर शनिवारी असाच ओरडत जा. टक्."

हे 'हं' आणि 'टक्' जरा समजून घ्या. मामांचं वाक्य 'हं'नं उघडायचं आणि 'टक्'नं बंद व्हायचं. जीभ टाळूला लावून असं टक् करायचे, की वाटावं कुलूपच बसलं. मी पडलो नकल्या. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून मार खाल्लेला. आठवड्याभरात मला मामांचा आवाज असा जमला, की दूधवाला जिन्याखालून मलाच "अंकल, आज कित्ता?" विचारायला लागला.

आता होडी. साधीसुधी नाही, कयाक म्हणतात तिला. पिवळीधमक, फायबरची, दोन्हीकडून निमुळती, मध्ये एका माणसापुरती बैठक. गल्लीतली पोरं तिला 'केळं' म्हणायची. त्या दिवसांत शहरात परदेशी कंपन्या नव्यानं यायला लागल्या होत्या. त्यातला एक साहेब परत जाताना सामान विकून गेला, तेव्हा मामांच्या विवेकनं ती घेतली. रविवार आला की पोरगं हुसेन सागर तलावात. मग कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं, सहा महिन्यांसाठी. जाताना म्हणाला, "बाबा, माझी होडी सांभाळा. आलो की घेतो."

मी राहायला आलो तेव्हा त्या सहा महिन्यांना तीन वर्षं झाली होती. मामी त्याच्याही आधी गेलेल्या. घरात मामा, आणि पोर्चमध्ये फियाटच्या डोक्यावर केळं. घरात का नाही? दारातून वळत नव्हतं. गच्चीवर का नाही? "हं, चोराच्या डोक्यानं बघ. गच्चीवरून दोरीनं सोडली की गेली. टक्."

चोराच्या डोक्यानं बघ, हा त्यांचा मंत्र. आधी होडी दोरीनं बांधलेली होती. चोर झालेल्या मामांनी दोरी विळ्यानं एका झटक्यात कापली. मग बेगम बाजारातून म्हशीची साखळी आणली. होडीच्या कमरेला दोन वेढे, मोठं कुलूप. मला हाक मारली, "हं, समज, तू चोर. टक्."

मी शेपटीला धरून ओढलं. निमुळती वस्तू ती! साखळीतून सर्रकन निघाली आणि मी होडीसकट तुळशीत. मला वाटलं, आता खोली खाली करावी लागणार. पण मामा पोर्चमध्ये नाचायला लागले हो! "निघाली! निघाली! आज चोर आला असता तर?"

मग साखळी बैठकीच्या खालून घेतली. बैठक होडीला बोल्टनं पक्की, त्यामुळं आता सुटायचं नाव नको. पुढच्या शनिवारी मामांना सुचलं, की चोर कॅरियरचे नट काढून कॅरियरसकट नेईल. मग कॅरियर बंपरला जखडलं आणि साखळीचा एक फेरा मागच्या खिडक्यांतून गाडीच्या आत फिरवला. त्यानंतर मागची दारं उघडेनात. काचीगुड्याच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, पुढच्या सीटवरून मागं सरपटत जावं लागलं. अर्ध्यात अडकल्यावर त्या तिथूनच ओरडल्या, "वसंता, गाडी आहे का उंदराचं बीळ?"

"हं, आक्का, परेशान नक्को होऊ. तू आत जाऊ शकत नाहीस म्हणजे चोर पण नाही जाऊ शकत. टक्."

"अरे, चोर माझ्याएवढा जाड कशाला असेल!"

आणि गाडीच नेली तर? त्यावरही उपाय होता. गाडी उभी केली रे केली, की मामा बॉनेट उघडून इंजिनातला रोटर काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. रोटर नाही तर गाडी चालू होत नाही. वल्हं कायम स्वतःच्या हातात. भाजी आणायला निघाले तरी खांद्यावर वल्हं! "हं, होडी अन् वल्हं एकत्र चोराला गावता कामा नये. टक्."

रविवारी सकाळी आमची स्वारी टँक बंडावर, म्हणजे हुसेन सागरच्या बांधावर. होडी पाण्यात घालायची नाही हां! मामांना पोहता येत नव्हतं आणि माझ्या हातात वल्हं द्यायला ते तयार नव्हते. नुसतं पाणी दाखवायचं. गाडी पाण्याकडे तोंड करून लावायची, चहा प्यायचा, घरी यायचं.

"मामा, होडी आहे का बैल?"

"हं, बैल निदान ओरडतो तरी. ही कुणाच्याही मागं मुकाट जाईल. टक्."

एका रविवारी त्यांना तिथंच तपासणीची हुक्की आली. टॉवेल, पान्हा, टपावर गुडघे. दोन मिनिटांत एक हवालदार हजर.

"ओ अंकल! क्या कर रै?"

"चोरी."

"गाडी किसकी है?"

"मेरीच है."

"अन् ये कश्ती?"

"मेरे बेटे की. अच्छा हुआ तुम आए. तुम रोज चोर देखते. जरा खींच के देखो, निकलती क्या?"

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यानं टोपी काढून माझ्या हातात दिली आणि खेचायला लागला. नाही निघाली. मग चहावाला आला, फुगेवाला आला, फिरायला आलेली दोन कॉलेजची पोरं आली. सगळे "जोर लगाव, जोर लगाव" करत खेचतायत, फियाट गदागदा हलतेय आणि मामा वल्हं उंचावून ओरडतायत, "नै निकलती! मैं बोला ना, नै निकलती!" शेवटी सगळ्यांना मामांकडून चहा. जाताना हवालदारानं त्यांना चक्क सलाम ठोकला.

परतीच्या वाटेवर मामा खुशीत होते. "हं, विवेक आला की सांगू त्याला. पोलिसालासुद्धा निघाली नाही. टक्."

विवेकचा फोन महिन्यातून एकदा यायचा. मामा अमेरिकेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून एवढ्यानं बोलायचे, की माडीवर मला सगळं ऐकू यायचं. एकदा मात्र एवढंच ऐकू आलं: "हं… हं… घर घेतलं? छान… होडी?… बरं. बघतो."

चार दिवसांनी दारात टेम्पो. जुबिली हिल्समध्ये नवीन हॉटेल काढणारा एक गॉगलवाला आला होता. विवेकच्या मित्रानंच पाठवलेला. होडी त्याला बघताक्षणी आवडली.

"छताला उलटी टांगायची, आतून लाल दिवे सोडायचे. एकदम फॉरेन लुक!" तो मला म्हणाला.

मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. एकेक कुलूप उघडत गेले. बंपरचं उघडलं. कॅरियरचं उघडलं. खिडक्यांमधलं उघडलं. राहिलं बैठकीखालचं. त्याची किल्ली जुडग्यात नाही.

"इथंच होती," मामा म्हणाले. "कुठं गेली, कळत नाही."

माझे कान उभे राहिले. तो आवाज मी रोज काढायचो. आज सुरुवातीला 'हं' नाही, शेवटी 'टक्' नाही, आणि बोलणं असं, जसं गालात पानाचा विडा धरलाय. मामा पान खात नाहीत.

गॉगलवाल्यानं सीटखाली बघितलं, पायपुसणं झटकलं, तुळशीच्या मातीत बोट घातलं. मीही शोधल्याचं असं नाटक केलं, की बक्षीस द्यावं. शेवटी तो वैतागला. "अंकल, मी उद्या कटर घेऊन येतो."

तेवढ्यात माझ्या अंगात आलं. मामांच्या पाठीमागे उभा राहून मी मामांच्या आवाजात खणखणीत सांगितलं, "हं, कटर नक्को अन् तुम्ही पण नक्को. होडी विकायची नाही. टक्!"

गॉगलवाला मामांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघतच राहिला. मामांनी नुसती मान हलवली. टेम्पो रिकामाच गेला.

तो वळणाआड गेल्यावर मामांनी तळहात तोंडाजवळ नेला आणि गालातली किल्ली बाहेर काढली. मला हसू आवरेना.

"मामा! विकायची नव्हती तर सरळ विवेकला सांगायचं ना!"

मामा किल्ली शर्टाला पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले.

"हं," ते म्हणाले, "पोरगं म्हणालं, बाबा, माझं आता तिथं काहीच राहिलेलं नाही. तेवढी एक होडी आहे, ती पण काढून टाका."

मी 'टक्'ची वाट बघत होतो. किल्ली तर आता तोंडात नव्हती. तरी ते आलं नाही.

मग त्यांनी सगळी कुलुपं एकेक करून परत लावली. बंपर, कॅरियर, खिडक्या. बैठकीखालचं दोनदा दाबून बघितलं.

"चल," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "समज, तू चोर."

मी ओढलं.

"निघत नाही, मामा."

"नीट ओढ. चोराच्या डोक्यानं."

मी भिंतीला पाय लावला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. अख्खी फियाट हलली. होडी काही सुटली नाही.

मागून आवाज आला, "टक्."