खारीच्या लॅपटॉपची अकरावी

एका जंगलात, म्हणजे चिंचेच्या शेंड्यावर चढलं की जिथे रेंज येते अशा जंगलात, एक खार राहायची. तिला सगळे झुपकीची आई म्हणत. तिचं स्वतःचं नावही होतं, मुलांनो. पण झुपकी जन्मल्यापासून ते कुणी वापरलं नव्हतं.

तीन रात्री खारीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तशी ती कशानेही जागी राहायची. झुपकी कमी खाते म्हणून, आणि एखाद्या दिवशी नीट खाल्लं तर आज जास्तच खाल्लं म्हणून. पण या वेळी कारण होतं लॅपटॉप.

लॅपटॉप झुपकीच्याच वयाचा. आठ वर्षांचा. झुपकीने काढलेली सगळी चित्रं त्यात होती, अगदी पहिल्या रेघोट्यांपासून. तो चालायचा संगणक प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीवर. सगळे तिला नुसतं 'दहावी' म्हणत. आता अकरावी आली होती आणि दहावीची देखभाल बंद होणार होती. खारीने भीतभीत बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, 'हे यंत्र अकरावीसाठी अपात्र आहे.'

तिने जंगलातल्या आयांच्या ग्रुपवर घाईघाईने लिहिलं, 'आमचं आठ वर्षांचं अकरावीला अपात्र ठरलंय. काय करू?'

'यंत्र' हा शब्द तेवढा लिहायचा राहिला.

'अगं बाई! सायन्सला का?' सशीणबाईंनी विचारलं.

'तरी मी सांगत होते, क्लास लाव,' साळिंदरकाकूंनी लिहिलं. 'आमच्या पिल्लांना मी डोळे उघडायच्या आधीच लावला.'

हे खारीने वाचलंच नाही. ती लॅपटॉप उराशी धरून माकडाच्या दुकानात पोहोचलीसुद्धा.

"वहिनी, प्रोसेसर जुना आहे," माकड म्हणालं. "रॅम वाढवून भागायचं नाही."

"आठ वर्षांत जुना?"

"हवं तर मागच्या दाराने घुसवतो अकरावीत. पण पुढचे अपडेट मिळतील याची खात्री नाही."

"मागच्या दाराने नको हो, भाऊ. आमच्यात कुणी केलं नाही तसं."

"मग अकरावीऐवजी पेंग्विनच्या चिन्हाची दुसरी प्रणाली टाकू. फुकट असते आणि जुन्या यंत्रावर मजेत चालते. फक्त आधी चित्रांची कॉपी काढा. नवीन टाकताना जुनं सगळं पुसलं जातं."

खारीने कॉपी काढली. एक नाही, तीन. मग पेंग्विन बसवला. लॅपटॉप टुणकन सुरू झाला. चित्रं परत टाकल्यावर झुपकीने काढलेला निळा हत्तीही जागच्या जागी सापडला.

गोष्ट इथेच संपायची. पण खार घरी आली तर दारात खराखुरा हत्ती. फाउंडेशन क्लासवाले गजराज सर.

"ग्रुपवर कळलं," सर हळहळले. "तिसरी म्हणजे थोडा उशीरच झालाय. पण घेऊ सांभाळून."

"अहो सर, लॅपटॉप अपात्र ठरलाय! झुपकी नाही."

"आज लॅपटॉप," सर फॉर्म पुढे करत म्हणाले. "उद्या?"

मुलांनो, खार चांगली शिकलेली होती. हा सगळा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. म्हणून तिने फॉर्म घेतला, पण भरला नाही. नुसता घडी करून लॅपटॉपखाली ठेवला. तापतो ना तो, म्हणून.

तात्पर्य: जुन्या यंत्रात नवीन प्रणाली टाकण्याआधी त्याला ती पेलेल का ते तपासावं, आणि आत जे असेल ते जपून ठेवावं. मुलांच्या बाबतीत एवढे सोपस्कार लागत नाहीत. थेट टाकावी.

ही गोष्ट मी आमच्या सावनीला सांगितली. तात्पर्य तिला कळेल का, अशी धाकधूक होती. ती म्हणाली, "आई, आपल्या लॅपटॉपखाली पण कागद आहे. तो पण तापतो म्हणूनच ना?"