दारणेकाठची काळी माशी

मासेमारी करावी तर जपान्यांसारखी! एक काठी, एक दोरी आणि टोकाला एक खोटी माशी, बस्स. रीळ नाही, आमिष नाही, गांडुळांशी ओळखदेख नाही. या प्रकाराला तेंकारा म्हणतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि मला पटलंच, की हा छंद त्या लोकांनी माझ्यासाठीच काढलाय. मी मनानं साधा आणि खिशानं त्याहून साधा!

मग त्या साध्या काठीची किंमत पाहिली आणि मोबाइल पालथा ठेवला.

पण अक्कल असली की घरातच सगळं सापडतं. जळमटं काढायची दांडी! ओढली की लांब, ढकलली की आखूड. जपानी काठी तरी याहून वेगळं काय करते? तिचा ब्रश उपटला, संक्रांतीला उरलेला पतंगाचा दोरा आसारीवरून उतरवला, गळ तेवढा विकत आणला. बाल्कनीत एक काळंभोर पीस पडलं होतं, ते गळाला गुंडाळलं. झाली माशी! बायकोनं, म्हणजे संपदानं, बजावलं की मासा घरात आणायचा नाही. मी म्हटलं, तेंकारात मासा धरून परत सोडतात. ती म्हणाली, "आधी धर तर खरा."

रविवारी सकाळी इगतपुरीच्या बाजूला दारणेच्या काठावर गेलो आणि पोटरीभर पाण्यात उभा राहिलो. दांडी मागे, दांडी पुढे. मासे काही फिरकेनात, पण डोक्यावर कावळ्यांची सभा भरली. काय ती कावकाव! त्यांनाही तेंकारा नवा असणार, असं समजून मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळानं मागे माणसंही जमल्याचा आवाज आला. कुणीतरी अगदी कळवळून म्हणत होतं, "या आता, किती वाट बघायची?" माझ्या माशांसाठी परक्या माणसांचा जीव एवढा तुटावा! मला भरून आलं. पण मागे वळलो नाही, कारण तेंकारात चित्त पाण्यावर ठेवायचं असतं.

चित्त पाण्यावर राहिलं आणि दांडीचा आटा सैल झाला. मागे झटका दिला तशी दांडी सर्रकन होती नव्हती तेवढी लांब झाली आणि गळ कशात तरी अडकला. "लागला!" म्हणून मी जोरात पुढे खेचली. माझ्या डोक्यावरून भाताच्या गोळ्यासकट एक पत्रावळ उडत गेली आणि डुबुक्कन पाण्यात पडली.

मग मात्र वळलो. मागे पंधरावीस माणसं हात जोडून उभी. दोघांची डोकी नुकतीच भादरलेली. कुणाचा तरी दहावा होता आणि मी पिंड उडवला होता! गेलेल्या माणसाचा धाकटा मुलगा कचरू तर बापच हवेतून गेला असं समजून तिथंच आडवा झाला होता.

मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. हळूहळू उलगडा झाला तो असा. दांडी घेऊन पाण्यात उभा, म्हणून मला ते पाणी मोजणारा सरकारी माणूस समजले होते. तिकडे त्यांच्या पिंडाला कावळा काही शिवेना. गेलेल्या तात्यांची कसली तरी इच्छा अडलीय, असं सगळ्यांना वाटलं. कचरूनं गुटखा सोडला, तरी कावळा येईना. ढुंढिराज गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तर तात्यांची बायको अनसूयाबाई खऱ्या कावळ्यावर अडून बसल्या. शेवटी थोरल्या सोमनाथनं सांगितलं, की घर विकणार नाही, आईच्या नावावर करून देईन, ती मरेपर्यंत तिथंच राहील. नेमका तेव्हाच पिंड उडाला.

गुरुजींनी माझा गळ हातात घेऊन विचारलं, "हे पीस कशाचं?"

"कावळ्याचं असावं."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अहो, त्यांच्याच भाऊबंदाचं पीस दोरीला बांधून नाचवताय! मग कावळा उतरेल कसा?"

पीस मुकाट्यानं पिशवीत गेलं. गुरुजींनी दुसरा पिंड ठेवला, आम्ही सगळे लांब सरकलो, आणि बघता बघता कावळा येऊन शिवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सोमनाथचं तोंड मात्र बदललं.

"म्हंजी तात्यांचं काय अडलंच नव्हतं," तो म्हणाला. "अडवलं या सायबानं. मग घराचं जे बोललो, ते काय धरायचं नाय."

मीही घाबरून मान हलवली. हो हो, चूक सगळी माझीच, म्हणून टाकलं. अनसूयाबाईंचा चेहरा पाहिला आणि वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पिंड गेला तो गेला, वर या बाईचं घरही आपण घालवलं!

अनसूयाबाई जागच्या उठल्या. "सोमनाथ, शब्द कावळ्याला दिला व्हता का बापाला?"

सोमनाथनं मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, आम्ही सगळे साक्षीला आहोत. विषय मिटला. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू!

दांडी काही आखूड होईना. ती तशीच खांद्यावर टाकून मी हळूच सटकायला लागलो. तेवढ्यात अनसूयाबाई मागून आल्या. आता माझी पूजा बांधणार, अशी तयारी ठेवून मी उभा राहिलो.

"भाऊ, वर्षश्राद्धाला नक्की या."

"नको हो, आजच तुम्हाला इतका त्रास दिला."

त्यांनी एकदा मागे पोरांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"या. आन ती काळी माशी संगं आना. कचरूची दारू सोडवायची राह्यलीय."